कोळधेरच्या पुढे

सप्तशृंगगडावरून पायी उतरायचं होतं, म्हणून देवव्रत आदल्या संध्याकाळी अमोलच्या मोटरसायकलवर बसून गडावर चढला.

डोंगर उतरायचा तर आधी चढावा लागतो, हे कुणी कुणाला शिकवत नाही. पण पेट्रोल जाळून चढायचं, पायांनी उतरायचं आणि त्याला सव्वा महिन्याची पायपीट म्हणायचं, ही अक्कल सगळ्यांना नसते. घाटाच्या वळणांवर अमोल मान मागे करून हसत होता. "देव्या, आईनं तुझ्या सॅकमध्ये लाडू भरलेत. उतरताना जड नाय ना होणार?" देवव्रतला हसू येत नव्हतं. त्याने बूट खाली बघून घेतले. सकाळीच अमोलच्या पॅकहाउसमागच्या चिखलात ते चांगले मळवून आणले होते.

झालं होतं ते असं. नाशिकरोडच्या घरून देवव्रत फाल्गुनाच्या सुरुवातीला निघाला होता. साल्हेरला सुरुवात, तिथून बागलाणातले किल्ले, मग चालतच चांदवड, आणि चांदवडपासून सातमाळेची सगळी रांग डोंगराडोंगराने धरून गडापर्यंत. गडावरून खाली वणी. वणीला चालणं संपलं, पुढे एसटीने घर. असं चालायला माणूस वेडा तरी असावा लागतो किंवा दुखावलेला तरी, आणि देवव्रत दुखावलेला होता. त्याचे वडील यज्ञेश्वरराव नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेले. छापलेल्या नोटेतला दोष शोधण्यात त्यांची उभी नोकरी गेली आणि ती सवय घरी आल्यावरही सुटली नाही. पोरात दोष शोधायला त्यांना भिंगाचीही गरज पडली नाही. सीए अर्धवट, स्पर्धा परीक्षा अर्धवट, तबला तर दोन ताल शिकून खाटेखाली. शेवटी हातातली नोकरी सोडून डोंगर चालायला जातो म्हणाला तेव्हा ते एवढंच बोलले, "आरंभशूर आहेस तू. तुझ्या हातून आजवर एक गोष्ट तडीस गेलेली नाही. हीही जाणार नाही."

आई, सुधाताई, तेव्हा पोळ्या लाटत होती. ती लाटणं न थांबवता म्हणाली, "हा चालेल. मी सांगते ना."

आणि तो चालला, हे खोटं नाही. बागलाण त्याने पायाखाली घातलं. चांदवड गाठलं, इंद्राई केला, राजधेर केला, कोळधेर केला. कोळधेरवरून कांचनाकडे जाताना मात्र वाट चुकली. गवत वाळून निसरडं झालेलं, घसाऱ्यावर पाय ठरेना, पाणी संपलेलं. एका कड्याच्या पोटाशी तो अंधार पडेपर्यंत बसून राहिला आणि तिथे, कुणी बघत नव्हतं म्हणून, मोठ्याने रडला. सकाळी एका गुराख्याने त्याला खालच्या वाडीत आणून सोडलं. तिथून त्याने अमोलला फोन लावला. अमोल त्याचा कॉलेजातला मित्र, पिंपळगाव बसवंतला द्राक्षांचं पॅकहाउस चालवणारा. तो तासाभरात गाडी घेऊन आला.

"दोन दिवस थांबतो," देवव्रत म्हणाला होता. "पाय बरे झाले की जिथे सोडलं तिथून परत."

पाय आठवड्यात बरे झाले. पण पाय बरे झाले तरी पोटातली भीती तशीच होती, आणि अमोलकडे कूलर होता, अमोलच्या आईच्या, काकूंच्या हातची भरीत-भाकरी होती, शेवटच्या तोडणीची द्राक्षं घमेल्याने येत होती. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता तीन आठवडे गेले. रोज संध्याकाळी गच्चीच्या कोपऱ्यात उभं राहून तो आईला फोन करायचा. आज धोडप, माचीवर मुक्काम. आज रवळ्या-जवळ्या. मध्ये मध्ये पाय सुजले म्हणून वाडीवर चार-चार दिवस मुक्काम. धोडप त्याने कॉलेजात असताना पाहिला होता, त्या शिदोरीवर तीन दिवस निघाले. चेहरा रापलेला दिसावा म्हणून दुपारी तो गच्चीवर जाऊन पडायचा. एका बाजूला काकूंच्या कुरडया वाळत, दुसऱ्या बाजूला देवव्रत. काकूंनी एकदाच विचारलं, "तुह्या घरी म्हाईत हाय ना रे, तू हितं हाय म्हणून?" तो "हो" म्हणाला. काकूंनी कुरडया उलटल्या आणि त्या खाली गेल्या.

आई फोनवर रोज एकच प्रश्न विचारायची. "पायाला फोड आलेत का रे?"

"आलेत." पाय कूलरसमोर पसरलेले असायचे.

"बरं," ती म्हणायची. "असू दे. चालत राहायचं."

तर त्या सकाळी तो गडावरून रडतोंडीच्या वाटेने उतरायला लागला. गाड्या घाटाने येतात, पण नेमाचे लोक अजून या जुन्या पायवाटेनेच चढतात. चैत्राची यात्रा भरायला लागली होती. खालून झेंडे वर येत होते, माणसांच्या माळा येत होत्या, आणि बहुतेकांचे पाय अनवाणी होते. खाली उतरणारा असा तो एकटाच. लोक बाजूला होऊन त्याला वाट देत होते, आणि त्याच्या पाठीवरच्या मोठ्या सॅककडे बघून आपसात काहीतरी बोलत होते. चोराच्या मनात चांदणं, तसं त्याला प्रत्येक नजर आपल्या बुटांवर असल्यासारखी वाटली.

एका वळणावर झाडाच्या बुंध्याला टेकून एक म्हातारी बसली होती. कपाळभर कुंकू, नऊवारी गुडघ्यापर्यंत ओढलेली, आणि पायाला ओल्या फडक्याची चिंधी. तिने हात केला.

"बाबा, वर किती ऱ्हायलं?"

"आलंच आजी. अर्ध्या तासात पोचाल."

"अर्धा तास तुहा. माह्या पायाला तास धर." ती हसली. तिचं नाव कुसाबाई, कळवणच्या अलीकडून पायी निघालेली. हे तिने न विचारता सांगितलं. मग त्याच्या सॅकला हात लावून पाहिला. "एवढं वझं घेऊन कुठून आला रे तू?"

"साल्हेर," तो म्हणाला. तोंडाला सवय झाली होती.

"साल्हेर? अन रस्त्यानं?"

"नाही. डोंगराडोंगराने."

कुसाबाईने बरोबरच्या दोघी बायांना हाक मारली. "अगं ए, ह्ये पोरगं साल्हेरपून डोंगर चालत आलंय. लय मोठा नेम हाय ह्याचा." आणि त्याला काही कळायच्या आत ती पुढे वाकली आणि तिने त्याच्या चिखल लावलेल्या बुटांना हात लावून तो कपाळाला लावला. मागून त्या दोघींनीही लावला.

देवव्रतने पाय मागे घेतले. आजी, मी नाही चाललो, एवढंच म्हणायचं होतं. चार शब्द. पण तो म्हणाला, "अहो आजी, नको, नको." लाजेने त्याचे कान तापले. बायांना वाटलं, पोरगं विनयी आहे. त्यांना ते जास्तच आवडलं.

काहीतरी बोलायचं म्हणून त्याने विचारलं, "तुम्ही चप्पल नाही घालत?"

"नात पोलिसात लागावी म्हणून सोडली व्हती. दोन वर्सं झाली. आता लागली." कुसाबाईने चिंधी घट्ट केली. "पूजा नाव तिचं. यष्टीनं म्होरं गेलीय, वर चपला घेऊन बसलीय माह्या. ज्याच्यापायी सोडायची त्यानंच त्या पुढ्यात ठेवायच्या, मंग पाय घालायचा. आपल्या हातानं नाय घालायच्या. आमच्याकडं तसंच असतंय." मग त्याच्याकडे बघत म्हणाली, "तुझी माय हाय ना?"

"आहे."

"मंग तीबी चालली असंल तुह्यासंगं. घरात बसून." आणि हात टेकून ती उठली.

म्हातारीचं ते बोलणं त्याने अंगाला लावून घेतलं नाही. उतरताना त्याला गुडघे दुखल्याचा थोडा आनंदच झाला. काहीतरी खरं दुखतंय, एवढं तरी. नांदुरीला उतरला, तिथून उन्हाचा वणीच्या रस्त्याला लागला. रस्त्याने जाणाऱ्या जीपवाल्यांनी थांबून विचारलं, तरी बसला नाही. घोडे पळून गेल्यावर तबेल्याला कुलूप लावतात तशी ही निष्ठा होती, पण पाळली खरी.

वणीच्या स्टँडवर पोचून तो उसाच्या रसाच्या गाड्याशी उभा होता, तेवढ्यात फोन वाजला. संपदा, त्याची थोरली बहीण, पुण्याहून.

"उतरलास?"

"उतरलो. वणीत आहे. एसटीची वाट बघतोय."

"सुटले बाई." तिने खरंच मोठा श्वास सोडला. "ऐक, मी सांगितलं म्हणून आईला सांगू नकोस. तिने मला शपथ घातली होती, पण तू एकदम बघशील आणि घाबरशील. तू निघालास त्या दिवसापासून ती अनवाणी आहे."

देवव्रतच्या हातातला रसाचा ग्लास तसाच राहिला. "म्हणजे?"

"म्हणजे चप्पल नाही. घरात नाही, बाहेर नाही. मंडईत अशीच जाते, दवाखान्यात अशीच. देव्या सगळं चालून घरी येईल तेव्हाच घालीन, असं देवीला बोललीय. शुगर आहे तिला, टाचेची भेग भरत नाहीये, डॉक्टर ओरडले. बाबा रोज ओरडतात. ती म्हणते, त्याच्या पायाला फोड आलेत तर माझ्या पायांचं काय एवढं." संपदाचा आवाज जरा ओला झाला. "बरं झालं वेळेत संपवलंस. आज तू तिच्यापुढे चपला ठेव, म्हणजे एकदाचं सुटेल हे."

तो "हो" म्हणाला. गाडेवाल्याने रस का पीत नाही विचारलं, त्यालाही "हो" म्हणाला.

एसटीत खिडकीशी बसल्यावर आधी त्याने मांडीवर सॅक घेतली आणि तिच्यात तोंड खुपसलं. शेजारच्याला वाटलं, झोपलाय. त्याच्या डोळ्यांसमोर एकच चित्र होतं. तो कूलरपुढे पाय पसरून "फोड आलेत" म्हणतोय, आणि तिकडे फोन ठेवून आई फोडासारख्या तापलेल्या रस्त्याने भाजी आणायला निघालीय. रोज. त्याच्या प्रत्येक खोट्या मुक्कामाला तिचा एक खरा दिवस. त्याला स्वतःची इतकी किळस यापूर्वी कधी आली नव्हती.

दिंडोरीपर्यंत त्याने ठरवलं, घरात शिरल्या शिरल्या सांगून टाकायचं. दिंडोरी सोडल्यावर दुसरा विचार आला. सांगितलं तर? तिचा नेम सगळं चालून येण्याचा आहे. तो सगळं चाललेलाच नाही. मग ती चप्पल घालणार नाही, आणि टाचेची भेग तर भरत नाहीये. न सांगितलं तर आज संध्याकाळी तिच्या पायात चपला. म्हणजे खोटं बोलणं हेच आता मुलाचं कर्तव्य. म्हसरूळ येईपर्यंत हे त्याला पुरतं पटलं. माणसाला जे सोयीचं तेच कर्तव्य वाटायला लागलं की त्याने स्वतःच्या दोन थोबाडीत मारून घ्याव्यात, पण एसटीत तशी सोय नसते. नाशिकच्या सीबीएस स्टँडला उतरून त्याने नाशिकरोडची बस धरली तेव्हा त्याचं पक्कं झालं होतं. गप्प राहायचं. एवढं आयुष्य गेलं, अजून एक खोटं पचेल.

दार आईनेच उघडलं.

त्याने आधी तिच्या पायांकडे पाहिलं, आणि संपदाने सांगितलेलं सगळं कमी होतं असं त्याला वाटलं. टाचांना पडलेल्या भेगांत हळद भरलेली. उजव्या अंगठ्याला पट्टी. तळव्याची कडा काळी पडलेली. या बाईने आयुष्यभर पाय पुसल्याशिवाय घरात पाऊल टाकलेलं नव्हतं.

"थांब, उंबऱ्याबाहेरच थांब." तिने भाकरतुकडा त्याच्यावरून ओवाळून टाकला, पाण्याचं बोट डोळ्यांना लावलं. "वाळलास रे," म्हणाली. खरं तर तो तीन किलोंनी भरला होता.

आत यज्ञेश्वरराव उभे होते. इस्त्रीचा शर्ट घातलेला, घरात असूनही. चपलांच्या कपाटाच्या वरच्या खणातून त्यांनी वर्तमानपत्रात बांधलेलं एक पुडकं काढलं आणि देवव्रतच्या हातात दिलं.

"तुझ्या आईने एक वेडेपणा केलाय," ते म्हणाले. "तो आता तूच निस्तर."

आई खुर्चीवर बसली. लाजल्यासारखी हसली. "संपदा बोलली असेलच तुला. तिच्या पोटात काही राहत नाही. ठेव पुढ्यात."

देवव्रत गुडघ्यावर बसला. पुडकं सोडलं. तिच्या नेहमीच्या तपकिरी चपला, अंगठ्याशी झिजलेल्या. कुणीतरी त्या पुसून ठेवल्या होत्या. त्याने त्या तिच्या पावलांपाशी जोडीने ठेवल्या. तिने आधी डावा पाय घातला, मग पट्टीचा उजवा, जपून. उठली. स्वयंपाकघरापर्यंत गेली आणि परत आली. चपलांचा फटक फटक आवाज झाला.

"विसरलेच होते बाई," ती म्हणाली. "किती मऊ लागतात."

तिचा चेहरा असा मोकळा झालेला बघून त्याला वाटलं, बरोबर केलं आपण. मिटलं. आणि तेवढ्यात यज्ञेश्वररावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हा हात त्या खांद्यावर याआधी कधी पडला होता, ते दोघांनाही आठवलं नसतं.

"देवव्रत, मी तुला आरंभशूर म्हणालो होतो," ते म्हणाले. घसा खाकरून पुन्हा म्हणाले, "ते मागे घेतो. तडीस नेलंस तू."

हेच ऐकायला तो लहानपणापासून थांबला होता. तीन आठवडे खोटं बोलला तेही याचसाठी. आणि आता ते कानावर पडलं, तर खांद्यावरचा हात त्याला पेलेना. तो जमिनीवर बसला होता तो तसाच मागे सरकला.

"नाही नेलं," तो म्हणाला.

"काय?"

"कोळधेरपर्यंतच चाललो. पुढे वाट चुकलो, घाबरलो. अमोलकडे होतो पिंपळगावला, तीन आठवडे. धोडप, मार्कंड्या, सगळं खोटं. फोडही खोटे. काल त्याने गाडीवरून गडावर सोडलं, आज तेवढा उतरलो." तो खाली मान घालून भराभर बोलत होता, थांबलं तर पुन्हा बोलता येणार नाही म्हणून. "आई, मला माहीत नव्हतं तुझं. देवीशप्पथ माहीत नव्हतं."

वडिलांनी हात मागे घेतला. ते रागावले असते, तर त्याला बरं वाटलं असतं. ते खिडकीशी जाऊन उभे राहिले आणि बाहेर बघू लागले.

आई खुर्चीचा हात धरून बसली, आणि एकेक करून दोन्ही चपला तिने पायातून काढल्या.

"आई, नको. घाल त्या. शुगर आहे तुला. चूक माझी आहे."

"मी 'सगळं चालून येईल तेव्हा' म्हटलं होतं." आवाजात राग नव्हता. दूधवाल्याला आज अर्धा लिटर कमी म्हणून सांगावं, तसा आवाज. "किती राहिलंय?"

त्याला आधी कळलंच नाही.

"कोळधेरच्या पुढे किती राहिलंय?"

"कांचना," तो म्हणाला. "मग धोडप. रवळ्या-जवळ्या, मार्कंड्या. मग गड."

"किती दिवसांचं आहे?"

"पाच. सहा लागतील."

"मग फार नाही." तिने टाचेतली सुटलेली हळद बोटाने दाबली. "वाट चुकते तिथे कुणाला तरी बरोबर घे. तो गुराखी असेल तिथला, त्याला विचार. घाबरायला होतं त्यात काही नाही. तेवढं मला फोनवर सांगायचं होतंस."

यज्ञेश्वरराव खिडकीपासून वळले. खाली वाकून त्यांनी चपला उचलल्या, त्यांचे तळ हाताने पुसले, आणि त्या पुन्हा त्याच वर्तमानपत्रात बांधायला लागले. बांधता बांधता, कुणाकडेही न बघता म्हणाले, "पहाटेची मालेगाव गाडी चांदवडला थांबते. मी उठवतो याला."

देवव्रतला रडू फुटलं. तो गुडघ्यांवरच पुढे सरकला आणि नमस्कार करायला आईच्या पायांकडे वाकला. हात पोचायच्या आधी तिने दोन्ही पाय साडीखाली ओढून घेतले.

"आत्ता नको," ती म्हणाली. "चालून आलास की कर."

मग ती उठली, आणि त्याला आंघोळीला पाणी काढायला अनवाणीच आत गेली.